साल्हेर अर्धा राहिला, राहू दे!

सुरतेतल्या आम्हा मराठी पोरांना सह्याद्री लांब वाटतो; पण डांग ओलांडला की साल्हेर आलाच. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. मे महिन्यात आम्ही पाच जण वाघांब्यातून चढायला निघालो, तेही सकाळी नऊला! (चूक माझीच, नाश्त्याला मीच वेळ लावला.) साल्हेर-सालोट्याच्या खिंडीवरच्या कातळातल्या पायऱ्यांवर एकाला गरगरायला लागलं. पाणी जेमतेम दीड बाटली. परशुरामाचं मंदिर राहिलं, आम्ही उतरलो. कॉलेजात अजून चिडवतात. चिडवू देत. त्याच्या आईला फोनवर मी काय सांगितलं असतं? माझं म्हणणं एवढंच, उन्हाळ्यात पहाटे पाचला चढायला लागा, माणशी चार लिटर पाणी घ्या. डिसेंबरची तारीख त्यानंच ठरवलीय.