मालकी बाईची, आणि चाचणीतल्या बायका?

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण मिळवून देणं हा अमेरिकेत स्वतंत्र धंदा आहे. त्यातल्या ज्या कंपन्या बायकांच्या आहेत, त्यांना 'महिला उद्योग' म्हणून मान्यता मिळावी. मात्र या धंद्यात तेवढ्यावर भागू नये.

१. ही मान्यता म्हणजे खैरात नव्हे. महिला उद्योगांविषयीचा १९८८चा कायदा येईपर्यंत तिथल्या काही राज्यांत धंद्यासाठी कर्ज काढायला बाईला घरातल्या पुरुषाची सही लागायची. आज 'डब्ल्यूबेंक' ही संस्था प्रमाणपत्र देते. किमान ५१ टक्के मालकी बाईची हवी आणि कारभारही तिच्याच हातात हवा. आपल्याकडे 'सरपंचपती' पाहिलेल्यांना दुसऱ्या अटीचं मोल सांगायला नको.

२. तेवढ्यावर का भागू नये? १९७७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या बायकांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा धसका होता, तो समजण्यासारखा. हे धोरण बदलायला १९९३ उजाडलं. पण नुसती भरतीही पुरत नाही. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश उतरते, सकाळी गाडी चालवताना तिचा अंमल राहू शकतो. तरी बायकांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ साल लागलं. बायकांचे आकडे वेगळे मांडून त्यावर निर्णयही घ्यावा लागतो.

३. म्हणून औषध कंपन्यांनी भरतीचं काम देताना प्रमाणपत्रासोबत एक तक्ता मागावा : किती बायकांना विचारलं, किती चाळणीत गळल्या, किती मधेच सोडून गेल्या आणि का. लेकराला कुणाकडे ठेवायचं, केंद्रापर्यंतचं भाडं कोण देणार, तपासणी संध्याकाळी होईल का, इथेच गळती होते. मालकीण बाई आहे म्हणून हे आपोआप सुटेल, असं धरून चालू नये.

४. भरती करणाऱ्या कंपनीचा मोबदला डोक्यागणिक असेल तर संमतीची घाई होते, मालक कुणीही असो.

५. भारतात २०१८पासून केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी ३ टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची आहे. चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत निदान एक बाई लागते. एकच! पुण्या-मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या बायकांनी मान्यता मागताना वरचा तक्ता आपणहून जोडावा. पुरुष मालकांकडेही मग तोच मागता येईल.