फॅक्टरीच्या पुढची गोष्ट

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' परवा पुन्हा पाहिला. परेश मोकाशींचा हा पहिलाच सिनेमा, २००९ साली भारतातर्फे ऑस्करला गेलेला. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई बघताना आजही हसू येतंच. पण या वेळी सिनेमा संपल्यावर वाटलं, अरे, खरी गोष्ट तर इथून पुढे आहे! आणि ती आपल्या नाशकात घडली.

सिनेमा म्हणजे त्या काळचं अगदी नवं तंत्रज्ञान. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस १९१२ साली लंडनला जातो आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन येतो. मग कुंडीत वाटाणा लावून रोप रोज थोडं थोडं टिपतो, आणि ते पडद्यावर झरझर वाढताना दाखवून पैसे उभे करतो. आजकालची मुलं गुंतवणूकदाराला 'डेमो' दाखवतात तो हाच की! ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तारामती झाले होते हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके.

मोकाशींनी हे सगळं हसतखेळत सांगितलंय. थोर पुरुष, पार्श्वसंगीत, डोळ्यांत पाणी असलं काही नाही. घरातलं सामान विकलं जातंय आणि आपण हसतोय. मला हे फार आवडतं.

पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटते. दागिने सरस्वतीबाईंचे गेले. फिल्म भोकं न पाडलेली यायची, ती अंधारात बसून पाडायची त्यांनी. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच करायचा. म्हणजे पहिली गुंतवणूकदार तीच आणि पहिली तंत्रज्ञही तीच. आपल्याकडे मात्र हे सगळं 'बायकोने साथ दिली' एवढ्यात गुंडाळलं जातं.

आणि पुढचं काय? १९१३ मध्येच फाळके नाशिकला आले. १९१७ च्या 'लंका दहन'ने भरपूर पैसा दिला. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदार घेऊन हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. लवकरच भागीदारांशी बिनसलं, फाळके राजीनामा देऊन काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नाटक लिहीत बसले. (त्याआधी छापखान्याच्या धंद्यातही भागीदाराशी बिनसलं होतंच.) पुढे परत आले, पण तोवर काळ बदलत होता. बोलपट आले. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले.

'द सोशल नेटवर्क' २०१० चा. फेसबुकवरच्या त्या सिनेमात भागीदारांचं भांडण अगदी मधोमध आहे, वकिलांसमोर बसून गोष्ट उलगडते. तो बघून कुणाला कंपनी काढावीशी वाटेल की नाही माहीत नाही :) पण भागीदारी म्हणजे काय ते मात्र नक्की कळतं. आपल्या सिनेमाने वेड दाखवलं, हिशोब दाखवला नाही.

एकाच सिनेमात सगळं यावं असं माझं म्हणणं नाही. मोकाशींनी निवडलेला तुकडा त्यांनी सुरेख केलाय. पण आपण तेवढाच तुकडा बघून 'वेड असलं की सगळं होतं' म्हणतो, ते मला पटत नाही. पिंपळगावात तर नाहीच नाही. इथे द्राक्षबाग उभी करताना घरातलं सोनं बँकेत गहाण पडतं, हे कुणाला नवं आहे का? चार मित्र मिळून पॅकहाऊस काढतात, कुणी ॲप काढतो. पहिल्या वर्षी सगळे भाऊ भाऊ. माल विकून पैसा आला की 'तुझे किती, माझे किती' सुरू. फाळक्यांचीही कंपनी बिनसली ती यश मिळाल्यावरच.

घरातली पोरं हे वाचतात म्हणून सांगतो. वेड जरूर करा, फाळक्यांनी केलं म्हणून तर आपल्याकडे सिनेमा आला. पण ज्याचे पैसे त्याचं नाव, ज्याचं काम त्याचा वाटा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. आणि आईचे किंवा बायकोचे दागिने घेतले असतील तर त्या कागदावर पहिलं नाव तिचं येऊ द्या.

बाकी, नाशिकमधल्या फाळक्यांवर कुणीतरी दुसरा सिनेमा काढा बुवा. तिकीट काढून बघायला मी तयार आहे.