कांद्याला काय म्हणतात?

इजिप्तमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा युरोपात शिकून परत येतो. बाप मिठी मारायला पुढे होतो, तर पोरगा त्याला दूर सारतो. मिठ्या मारणं त्याला आता गावंढळ वाटतं. आईने लेकासाठी भरपूर कांदा घालून मटण रांधलंय. पण त्या कांद्याला अरबीत काय म्हणतात, हेच पोराला आठवत नाही. मग तो फ्रेंच शब्द सांगतो आणि अडाणी आईबाप चक्रावून जातात.

अब्दुल्लाह अल-नदीमने हा किस्सा १८८१मध्ये अलेक्झांड्रियात काढलेल्या आपल्या साप्ताहिकात छापला. साप्ताहिकाचं नाव होतं ‘अल-तन्कीत वल-तब्कीत’, म्हणजे साधारण ‘चेष्टा आणि कानउघाडणी’. आज हाच किस्सा कुणी फॉरवर्ड केला, तर खाली ‘संस्कृती जपा’ असं लिहून दहा ग्रुपमध्ये फिरेल. माझं भांडण त्या ‘संस्कृती जपा’शी आहे. वसाहतकाळातल्या अरबी पत्रकारांनी परकीय प्रभावावर जे आसूड ओढले, त्यांतले सगळ्यात सोपे तेवढे आपण उचलतो. ज्यांच्यासाठी तुरुंगात किंवा देशाबाहेर जावं लागायचं, ते सोयीने विसरतो.

परकीय प्रभाव म्हणजे तेव्हा नेमकं काय होतं? १८७५मध्ये कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माइलने सुएझ कालव्यातले आपले शेअर ब्रिटिश सरकारला विकले. १८७६मध्ये वसुलीसाठी युरोपीय सावकारांच्या प्रतिनिधींचं मंडळ कैरोत बसलं. १८७८मध्ये इजिप्तच्या मंत्रिमंडळात अर्थखातं एका इंग्रजाकडे आणि बांधकामखातं एका फ्रेंच माणसाकडे गेलं. परदेशी नागरिकांना जुन्या करारांमुळे देशी कायदा सहसा लागूच होत नसे. या सगळ्याचा हप्ता भरत होता नाईलकाठचा शेतकरी. प्रभाव होता तो हा. टाय आणि काटे-चमचे त्याच्यामागून आले.

नदीमला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच साप्ताहिकात त्याने इजिप्तला एक रोगी कल्पून त्याच्याभोवती वैद्यांची सभा भरवली. रोगाचं नाव ‘अफ्रंजी’. अरबी बोलीत उपदंशाला हेच म्हणतात आणि शब्दाचा सरळ अर्थही ‘फिरंगी’. आपल्या आयुर्वेदातही त्याला फिरंगरोगच म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला हा विनोद समजावून सांगायला नको. पण उपदंश हवेतून येत नाही. घरातलं कुणीतरी बाहेर जाऊन तो घेऊन येतं. नदीमने सावकाराकडून नागवल्या जाणाऱ्या अडाणी शेतकऱ्यावरही लिहिलं. ज्याला वाचता येत नाही, त्याला कुणीही लुटू शकतो, मग तो फिरंगी असो की गावचा. हे तो बोलीभाषेतल्या संवादांत लिहायचा, म्हणजे कॉफीच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचलं की निरक्षरालाही कळावं.

त्याच्या आधी, १८७७मध्ये, याकूब सनूने कैरोत ‘अबू नद्दारा’ काढलं. नावाचा अर्थ चष्मेवाला. त्याचा मारा थेट खेदिववर होता. दरवाजा उघडणारा आपला, मग आत येणाऱ्यालाच शिव्या देऊन काय होणार? १८७८मध्ये त्याला देश सोडावा लागला. मग तो पॅरिसहून अंक काढत राहिला आणि ते चोरून इजिप्तमध्ये जात राहिले. हा माणूस ज्यू होता आणि त्याचे वडील इटलीतल्या लिव्होर्नोचे. रक्ताची शुद्धता तपासणाऱ्यांच्या यादीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

ही तपासणी पुढे झालीच, आणि ती करणारे राष्ट्रवादी होते. कैरोत ‘अल-मुकत्तम’ नावाचं वर्तमानपत्र होतं, सीरियातून आलेल्या ख्रिस्ती संपादकांचं आणि उघडउघड इंग्रजधार्जिणं. त्याच्या भूमिकेचा समाचार घेणं रास्तच होतं. पण ‘अल-लिवा’ चालवणाऱ्या मुस्तफा कामिलने या सीरियनांसाठी शब्द वापरला ‘दुखला’, म्हणजे घुसखोर. इथे आरोप भूमिकेवरून जन्मावर घसरला. ‘अल-अहराम’ काढणारे तकला बंधूही त्याच भागातून आलेले, आणि त्यांचा पेपर इंग्रजी ताब्याच्या विरोधात लिहीत होता. मग ते कोण? मुस्तफा कामिल मोठा माणूस होता. १९०६मध्ये दिनशवाईत चार गावकऱ्यांना फाशी दिल्यावर त्याने युरोपभर आवाज उठवला आणि त्यातून लॉर्ड क्रोमरचं आसन डळमळलं. ‘घुसखोर’ म्हटल्याने मात्र इंग्रजांच्या केसालाही धक्का लागला नाही. शेजारी तेवढा दुखावला.

आता कायद्याकडे बघा. इजिप्तमध्ये वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८८१चा, म्हणजे इंग्रजी फौज उतरली त्याच्या एक वर्ष आधीचा. तो देशी सरकारनेच केला होता. पुढे तो बाजूला पडला आणि १९०९मध्ये, टीका झोंबायला लागल्यावर, पुन्हा बाहेर काढला गेला. गंमत अशी की जुन्या करारांमुळे परदेशी मालकांना तो लावणं अवघड होतं. परकीयांविरुद्ध लिहिणारा देशी संपादक तेवढा हमखास सापडायचा.

हे आपल्याला अनोळखी नाही. ‘केसरी’ही १८८१चाच. टिळकांना मंडालेला पाठवलं १९०८मध्ये आणि कैरोतला कायदा जागा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. क्रोमरही कैरोत बसण्याआधी व्हाइसरॉयच्या मंडळात हिंदुस्थानची तिजोरी सांभाळत होता. अफगाणी आणि मुहम्मद अब्दुह यांनी १८८४मध्ये पॅरिसहून काढलेल्या ‘अल-उर्वा अल-वुस्का’ला इंग्रजांनी इजिप्तमध्येही बंदी केली आणि हिंदुस्थानातही.

म्हणून कुणी ‘परकीय प्रभाव’ म्हणून ओरडायला लागलं की आधी बोट कुणाकडे आहे ते बघावं. कर्जाच्या वहीकडे, कराराच्या कलमाकडे, सत्तेच्या खुर्चीकडे असेल तर थांबून ऐकावं. एखाद्या पोरीच्या कपड्यांकडे, शेजाऱ्याच्या आडनावाकडे किंवा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराकडे असेल, तर वही कुणीतरी पाठीमागे लपवलेली आहे असं खुशाल समजावं.

दुसरी खूण याहून सोपी आहे. या आरोपाची किंमत कोण मोजतं? १८८२मध्ये उराबी पाशाचा उठाव मोडल्यावर त्याचा बिनीचा वक्ता असलेला नदीम नऊ वर्षं गावोगाव लपत राहिला. शेतकऱ्यांनी त्याला आसरा दिला. १८९१मध्ये पकडला गेला, हद्दपार झाला. परत येऊन त्याने ‘अल-उस्ताद’ काढलं, तर १८९३मध्ये पुन्हा हद्दपार. १८९६मध्ये इस्तंबूलमध्ये, घरापासून लांब, तो वारला. आज हाच आरोप करणाऱ्याला सत्कार मिळतो, फॉलोअर मिळतात, कधी तिकीटही मिळतं. एवढ्यावरूनच दोघांतला फरक ओळखू यावा.