बर्फातलं बिऱ्हाड

सुट्टीत हिमालयात ट्रेकला जाणारी घरं आता आपल्या मंडळातही बरीच झाली आहेत. ग्रुपवर फोटो येतात ते शिखरांचे, तंबूंचे आणि वाफाळत्या मॅगीचे. या वेळी मी त्या बर्फातच राहणाऱ्यांबद्दल लिहिणार आहे. फोटोत ते सापडत नाहीत, कारण त्यांची लांबी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

पहिला जीव आल्प्समधला. नाव डेसोरिया सॉल्टन्स. तिकडे त्याला ‘हिमनदीची पिसू’ म्हणतात, पण तो पिसू नाही. सहा पाय असूनही शास्त्रज्ञ त्याला कीटकांत धरत नाहीत, तो स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली एक दुहेरी शेपटी असते. खटका सुटला की ती बर्फावर आपटते आणि स्वारी हवेत! वाऱ्याबरोबर येऊन पडलेले परागकण आणि शेवाळ हे त्याचं जेवण. शरीरातल्या साखरेमुळे तो गोठत नाही. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की पांढुरके ठिपके टुणटुण उडताना दिसतात, ते बहुधा हेच.

दुसरा जीव आपल्या जवळचा, नेपाळमधला. काठमांडूच्या उत्तरेला लांगटांग भागात याला नावाची हिमनदी आहे, पाच हजार मीटरपेक्षा उंचावर. तिथे शिरो कोशिमा या जपानी संशोधकाला बर्फातच वाढणारी एक माशी सापडली. 1984 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ते जाहीर केलं. उणे 16 अंशांतही ही माशी चालती-फिरती असते. पंख अगदी खुरटलेले, त्यामुळे उडणं नाही. तिच्या अळ्या बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्यात राहतात आणि शेवाळ, जिवाणू खाऊन वाढतात.

मला सगळ्यात आवडली ती तिची एक सवय. वितळलेल्या पाण्याबरोबर अळ्या हळूहळू खाली वाहत जातात. हे असंच चालू राहिलं तर काही पिढ्यांत सगळी वस्तीच हिमनदीच्या बाहेर पडेल. म्हणून मोठी झालेली मादी अंडी घालण्याआधी चढावर चालत निघते. रेष सरळ राहावी म्हणून ती सूर्याची दिशा धरते. आमच्या क्षेत्रात अशा चुका आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लिहायला टीम बसते. इथे तो तीन मिलिमीटरच्या माशीत आधीच बसवलेला आहे!

पण या प्रोग्रॅमने एक गोष्ट गृहीत धरली आहे: वर बर्फ असणारच.

मे 2025 मध्ये याच याला हिमनदीपाशी लोक जमले. बौद्ध भिक्षूंनी प्रार्थना केली, स्मृतिफलक बसवले गेले. माणसाला द्यावा तसा त्या हिमनदीला निरोप दिला गेला. 1970च्या दशकापासून ती जवळजवळ दोन तृतीयांश आटली आहे आणि पाऊण किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. माशी वर चढून खाली वाहून गेल्याची भरपाई करू शकते, पण डोंगराला शेवटी माथा असतो. त्याच्या पुढे चढायला जागाच नाही.

हिमनदी आटते म्हटलं की आपल्याला नद्यांचं पाणी आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे कुणाचं तरी पिढ्यान्‌पिढ्यांचं बिऱ्हाडही आहे. घर सोडून दुसऱ्या प्रांतात रुजणं आपल्या पणजोबांना जमलं, कारण नव्या जागीही जगता येत होतं. या माशीला कोमट जगात तशी दुसरी जागा नाही.

तेव्हा पुढच्या ट्रेकला बर्फावर पोहोचलात की सेल्फी काढून झाल्यावर दोन मिनिटं खाली वाका. काळा ठिपका हलताना दिसला तर त्याला उचलू नका, नुसतं बघा. आणि ट्रेक इतक्यात नसेल, तर मुलांना घेऊन आज संध्याकाळी कुंडीची ताटली तपासा. काय दिसलं ते मला जरूर कळवा!