मनाच्या दोन झडपा



नवी मुंबईत राहणाऱ्यांना होल्डिंग पॉन्ड हा शब्द नवा नाही. सिडकोने 1970 नंतर हे शहर वसवायला घेतले तेव्हा बरीचशी जमीन खाडीच्या भरतीच्या पातळीहून खाली होती. म्हणून वाशी, नेरुळ, बेलापूर अशा ठिकाणी धारण तलाव खोदले आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. ओहोटीला शहरातले पाणी बाहेर जाते. भरती आली की झडप मिटते आणि खाडीचे पाणी आत येत नाही. वर्षानुवर्षे गाळ साचला, झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की मग मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी आल्यावर पाणी रस्त्यावर येते. त्या दिवशी लोक पावसाला दोष देतात. खरे कारण साचत गेलेला गाळ असतो.

माणसाच्या दिलाचेही असेच आहे. त्याच्यावर दोन बाजूंनी पाणी चढते. एक शंकेचे, दुसरे वासनेचे. दमिश्कचे विद्वान इब्ने कय्यिम (रह.) यांनी दिलाचे आजार याच दोन प्रकारांत मांडले आहेत. कुरआननेही ‘दिलातला आजार’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला आहे. सूरह बकराच्या 10व्या आयतीत तो दांभिकांच्या संशयासाठी येतो, तर सूरह अहजाबच्या 32व्या आयतीत परक्या स्त्रीचा लाडिक आवाज ऐकून ज्याच्या मनात लालसा जागते अशा माणसासाठी येतो. आजार दोन, म्हणून औषधेही दोन. आपल्या घरांत नेमकी इथेच गल्लत होते. ज्याला शंका आहे त्याला आपण ‘नफ्सवर ताबा ठेव’ म्हणून दटावतो, आणि जो वासनेत अडकला आहे त्याला तासभर दलिली ऐकवतो.

आधी शंकेकडे पाहू. सगळ्या शंका सारख्या नसतात.

पहिली म्हणजे मनात वीज चमकावी तसा येऊन जाणारा विचार. सहाबांपैकी काही जण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडावर आणणेही आम्हाला फार भारी वाटते. त्यांना ओरडा बसला नाही. ते विचार इतके भारी वाटणे हीच ईमानाची उघड खूण आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. चोर रिकाम्या घरात कशाला शिरेल? अशा विचाराशी वाद घालत बसू नये. अल्लाहचा आश्रय मागावा, तिथेच थांबावे आणि हातातल्या कामाला लागावे.

दुसरा प्रकार म्हणजे इबादतीतला वसवसा. वुजू झाला की नाही, तकबीर नीट म्हटली की नाही, कपडे पाक आहेत की नाहीत, असे म्हणत एकेक भगिनी अर्धा अर्धा तास नळाखाली हात धूत राहते. फिकहचा साधा नियम आहे की यकीन शंकेने रद्द होत नाही. वुजू केला हे नक्की असेल, तर तो तुटल्याची खात्री होईपर्यंत तो आहेच. प्रेषितांनी (स.) नमाजीला हेच शिकवले आहे. हा नियम पाळूनही सुटका होत नसेल, दिवसाचे तास त्यात जात असतील, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे. औषध घेणे म्हणजे ईमान कच्चे असणे नव्हे.

तिसरा प्रकार खऱ्या प्रश्नाचा. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारा किंवा नेरुळ-खारघरच्या कॉलेजात शिकणारा मुलगा एक दिवस जेवताना विचारतो, ‘अम्मी, अल्लाह रहमान आहे तर लहान मुलांना आजार का होतात?’ ताटावर शांतता पसरते. मग अब्बा म्हणतात, ‘तौबा कर, हे कुठून शिकून आलास?’ मुलगा गप्प होतो. घर समजते की प्रश्न मिटला. तो मिटलेला नसतो. तो रात्री मोबाइलवर उत्तर शोधतो आणि तिथे ज्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नाही असे लोक उत्तर द्यायला बसलेलेच असतात.

ह. इब्राहीम (अ.) यांनी अल्लाहकडेच विचारणा केली होती की तू मेलेल्यांना कसा जिवंत करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की विश्वास आहे, पण दिलाला समाधान हवे आहे. सूरह बकराच्या 260व्या आयतीत हा प्रसंग आहे. त्यांना शिक्षा झाली नाही, उत्तर मिळाले. आपल्या कोकणपट्टीचे मखदूम अली माहिमी (रह.) यांनी 14व्या-15व्या शतकात अरबीत कुरआनची तफसीर लिहिली, तिची ओळखच अशी की एक आयत दुसऱ्या आयतीशी कशी जोडली आहे ते त्या उलगडून दाखवतात. ‘असे का?’ हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. म्हणून मुलाने विचारले तर एवढेच म्हणा, ‘बेटा, प्रश्न चांगला आहे. मला पूर्ण उत्तर येत नाही. आपण जाणकार आलिमांकडे मिळून जाऊ.’ आणि खरोखर जा.

आता वासना. तिचा दरवाजा आज खिशात असतो. हार्बर लाइनवर पनवेलहून सीएसएमटीला जाताना डब्यात नजर टाका. कोणी रील पाहतो आहे, कोणी ऑफर पाहतो आहे. 2025 च्या ऑगस्टपर्यंत पैसे लावून खेळायच्या रमीच्या आणि क्रिकेटच्या ॲपच्या जाहिरातीही सर्रास दिसत होत्या. त्या महिन्यात संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घातली. चांगले झाले. पण कायदा दुकान बंद करतो, नफ्सची भूक बंद करत नाही. ज्याला चटक लागली आहे तो चोरवाट शोधतोच.

या उदाहरणात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य आपल्याही पोरांच्या तोंडी होते. आधी खेळावेसे वाटले, मग दलील सापडली. पुष्कळ शंका अशाच वासनेच्या पोटी जन्मतात. सूरह माइदाच्या 90 आणि 91 या आयतींत दारू आणि जुगार यांच्यापासून दूर राहायला सांगून कारणही दिले आहे: शैतान यातून आपसात वैर आणि द्वेष पेरतो, अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून रोखतो. या कसोटीवर खेळ तपासा. त्यापायी बायकोशी खोटे बोलावे लागते का? असरची नमाज जाते का? मित्राकडून उसने घेऊन तोंड चुकवावे लागते का? मग नाव काहीही असो, वस्तू तीच आहे.

वासना एका उडीत येत नाही. आधी विचार डोकावतो, तो घोळवला की इच्छा होते, इच्छेचा निश्चय होतो, निश्चयाचे कृत्य आणि कृत्याची सवय. इब्ने कय्यिम (रह.) सांगतात की पहिल्या पायरीवर परतवणे सर्वांत सोपे आणि शेवटच्या पायरीवर सर्वांत अवघड. म्हणून रात्री मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवणे ही छोटी गोष्ट नाही. ॲप काढून टाकणे, बँकेच्या खात्यावर घरातल्या विश्वासू माणसाची नजर असू देणे, सोमवार-गुरुवारचा रोजा, फजरची जमात हे सगळे झडपेची डागडुजी आहे.

आणि जो अडकला आहे त्याच्याशी कसे वागावे? एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले आणि विचारले, तुझ्या आईसाठी हे तुला चालेल का? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्यासाठी, मावशीसाठी? तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग त्यांनी त्याच्यावर हात ठेवून त्याच्या दिलाच्या शुद्धीसाठी दुआ केली. त्यानंतर तो त्या वाटेकडे वळला नाही. म्हणून भगिनींनो, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज झाल्याचे कळले तर मोहल्ल्यात बभ्रा करण्याआधी त्याला समोर बसवा. किती देणे आहे ते कागदावर लिहायला लावा. व्याजाचे नवे कर्ज काढून जुने फेडू देऊ नका. पैसे त्याच्या हाती न देता घरातल्या एकाने थेट देणेकऱ्यांना हप्त्याने फेडावेत.

दोन्ही आजार एकाच माणसाला होऊ शकतात, आणि तो मोठा विद्वान असला तरीही. इमाम गजाली (रह.) यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की एका काळात त्यांना डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींचीही खात्री वाटेना. ही अवस्था जवळजवळ दोन महिने टिकली. त्यातून अल्लाहने दिलात टाकलेल्या प्रकाशाने ते बाहेर आले. पुढे 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मानाच्या गादीवर असताना त्यांना जाणवले की आपण हे अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी शिकवतो आहोत. सहा महिने मन ओढाताण करत राहिले, शेवटी जीभ चालेना, घास उतरेना. हकीमांनी सांगितले की रोग दिलात आहे. तेव्हा त्यांनी गादी सोडली, कुटुंबापुरते ठेवून बाकीचे धन वाटले आणि बगदाद सोडले. शंकेवर यकीन कामी आले, वासनेवर सब्र आणि त्याग. सूरह सज्दाच्या 24व्या आयतीत मार्गदर्शक नेत्यांचे हेच दोन गुण सांगितले आहेत: त्यांनी सब्र केला आणि ते अल्लाहच्या आयतींवर यकीन ठेवत होते.

यकीन ज्ञानाने आणि चांगल्या संगतीने वाढते. रोज कुरआनचे एक पान अर्थासह घरात मोठ्याने वाचले तरी वर्षभरात मुलांच्या कानी बरेच पडते. सब्र सरावाने येतो. गाळ मात्र रोजचा आहे. हदीसमध्ये आले आहे की गुनाह केला की दिलावर काळा ठिपका पडतो, आणि तौबा केली की तो पुसला जातो. म्हणून इस्तिगफार रोजचा हवा, शबे कदरपुरता राखून ठेवायचा नाही.

अल्लाह आपल्या सर्वांच्या दिलांची राखण करो, आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे बळ आपल्याला देवो आणि जे घसरले आहेत त्यांना परत येण्याची वाट सोपी करो. आमीन.