रक्तवाहिनी म्हणजे पीव्हीसीचा पाइप नव्हे

एप्रिल संपत आला की मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी घरांत आईवडील उतरू लागतात. बॅगेतून भाजणी निघते, गोडा मसाला निघतो, आणि तळाशी, कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली, एक प्लास्टिकची फाइल निघते. आत अँजिओग्राफीची सीडी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दोन काळेपांढरे फोटो. एक 'आधी'चा, एक 'नंतर'चा.

यंदा आमच्या व्याह्यांची फाइल आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडली गेली. व्याही सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी त्यांना दोन स्टेंट बसले. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "इथं बघा, पार गाळ साचलेला. आणि हे नंतरचं. कॅनॉल साफ! आता दहा वर्षं बघायला नको." स्वयंपाकघरात विहीणबाई आल्याचा रस, लसणाचा रस, लिंबाचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर एकेक वाटी घेऊन मंद आचेवर आटवत होत्या. चाराच्या तीन वाट्या झाल्या की गार करून तेवढाच मध घालायचा. व्हिनेगरच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते. त्या म्हणाल्या, "स्टेंट दोनच ठिकाणी हो. बाकीच्या नळ्या याने साफ राहतात." तेवढ्यात शेजारचा मित्र आला. तो एका गाडीच्या कारखान्यासाठी कूलिंगच्या होजेस डिझाइन करतो. त्याच्या हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये पंचावन्न टक्के अडथळा निघाला होता. "सत्तरच्या आत आहे ना, मग अजून वेळ आहे," असं सांगून त्यानं दुसरी करंजी उचलली.

तिघांची मतं तीन, पण चूक एकच. रक्तवाहिनी म्हणजे नळी, आजार म्हणजे तुंबा आणि उपचार म्हणजे तुंबा काढणं, हे तिघांनीही गृहीत धरलेलं. मी स्वतः पंचवीस वर्षं एक्झॉस्ट पाइपांच्या प्रवाहाचं गणित मांडण्यात घालवली, त्यामुळे ही कल्पना किती मोहक आहे ते मला ठाऊक आहे. पाइपाची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळा पटींनी घटतो, हा प्वाझय याचा नियम आम्ही झोपेतही म्हणू. गंमत म्हणजे प्वाझय इंजिनिअर नव्हताच. तो वैद्य होता, आणि रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं हे समजून घ्यायला त्यानं काचेच्या नळ्या घेतल्या होत्या. नियम आम्ही पळवला आणि त्याचा धडा पुन्हा डॉक्टरांनाच शिकवायला निघालो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, नाहीतर खंडन म्हणजे हवेत काठी. नळीवाल्यांचं म्हणणं पोकळ नाही. शीर बरीच अरुंद झाली की जिना चढताना छाती भरते, हे खरं. शीर अचानक पूर्ण बंद पडली, म्हणजे प्रत्यक्ष हार्ट अटॅक आला, तर ती तातडीनं उघडून स्टेंट बसवल्यानं जीव वाचतो, हेही खरं, आणि त्यात वाद नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं झालं तर हा लेख बाजूला टाकून 911 फिरवावा. माझा वाद त्यापुढच्या उडीशी आहे. बंद नळी उघडल्यानं जीव वाचतो, म्हणून अरुंद नळी रुंद केल्यानं अटॅक टळतो, असं म्हणणारी ती उडी.

टळत नाही, आणि हे मोजून पाहिलेलं आहे. 2007 साली 'करेज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. छातीत कळ येणारे पण स्थिर प्रकृतीचे 2287 रुग्ण होते. अर्ध्यांना औषधं आणि स्टेंट, अर्ध्यांना नुसती औषधं. साडेचार वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर मृत्यू किंवा अटॅक स्टेंटवाल्यांत 19 टक्के, औषधवाल्यांत साडेअठरा. हृदयतज्ज्ञांत त्यावर बरीच चकमक झाली. रुग्ण पुरेसे गंभीर नव्हते, स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, असे आक्षेप आले. मग 37 देशांतले 5179 रुग्ण घेऊन 'इस्केमिया' चाचणी झाली. त्यात भारतातलीही इस्पितळं होती. निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले आणि मृत्यू नि अटॅक यांबाबत उत्तर तेच निघालं. कळ कमी होते, आयुष्य वाढत नाही. (मुख्य डावी धमनीच चोंदलेली असेल तर गोष्ट वेगळी. तसे रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते.) कळ कमी होणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. 2023 च्या 'ऑर्बिटा-2' या चाचणीत काहींवर खोटीच शस्त्रक्रिया करून तुलना केली, तेव्हाही खऱ्या स्टेंटनं कळ कमी झाली. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण व्याह्यांची "दहा वर्षं बघायला नको" ही खात्री त्या श्रेयात बसत नाही.

असं का होतं, याचं उत्तर नळीच्या पोकळीत नसून भिंतीत आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं चिरून पाहिली गेली. सरासरी वय 22. 1953 साली छापलेल्या त्या अहवालानुसार 77 टक्क्यांहून अधिक पोरांच्या हृदयाच्या शिरांत आजाराच्या खुणा होत्या. ही पोरं काल-परवापर्यंत बंदूक घेऊन डोंगर चढत होती, म्हणजे प्रवाह उत्तम होता. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या सीमूर ग्लागोव्हनं 136 हृदयांवरून दाखवलं की भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि पोकळी तेवढीच ठेवते. थरानं सुमारे चाळीस टक्के जागा व्यापली तरी आतून नळी मोकळीच दिसते. माझ्या व्यवसायात असा पाइप कुणी विकला असता तर त्याला पेटंट मिळालं असतं.

हा थर म्हणजे गाळ नव्हे. ते गळू आहे. आत चरबी, मेलेल्या पेशी, सूज, आणि वर पातळ पापुद्रा. पापुद्रा फाटला की आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्त गोठतं, आणि सकाळी साफ असलेली नळी दुपारी बंद पडते. मिशिगनमध्ये हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तीन-चार वर्षांनी गाडीच्या दाराखाली रंगाला एक फुगवटा येतो. वरून चकचकीत, पण बोट दाबलं की पापुद्रा फुटून आत गंज. एका फुगवट्यावर पत्रा ठोकून गाडी गंजायची थांबली, असं नोव्हायमधला एकही गॅरेजवाला सांगणार नाही. स्टेंट म्हणजे तो पत्रा.

होजवाल्या मित्राच्या पंचावन्न टक्क्यांचाही यातच निकाल लागतो. 1988 मध्ये विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण शोधले, ज्यांची अँजिओग्राफी आधी झाली होती आणि नंतर अटॅक आला होता. नव्यानं बंद पडलेल्या 29 धमन्यांपैकी 19 आधीच्या फोटोत पन्नास टक्क्यांपेक्षाही कमी अरुंद होत्या. एका जागी नव्वद टक्के चोंदलेली शीर असणं वाईटच, पण ती धोक्याची घंटा आहे ती भिंतीत सगळीकडे काय शिजतंय याची. टक्केवारी ही एका जागेची असते, आजार धमन्यांच्या अख्ख्या झाडाला असतो.

आता काढा. विहीणबाईंचा मी आदर करतो, आणि त्यांच्या हातच्या लसणाच्या चटणीचा जरा जास्तच. लसणाची परीक्षा झालेली आहे. स्टॅनफर्डमध्ये 192 माणसांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून किंवा गोळ्यांतून किंवा लसणाच्या नावाखाली काहीच नसलेलं असं खायला दिलं. 2007 मध्ये निकाल आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कोणाचंही हललं नाही. पण माझा मूळ आक्षेप आकड्याच्याही आधीचा आहे. काढा पोटात जातो, पचतो. 'नळीत उतरून गाळ खरवडतो' हे चित्र ड्रेनेज क्लीनरच्या जाहिरातीतलं आहे. भिंतीच्या आत, पापुद्र्याखाली असलेलं गळू कशानं खरवडणार? आणि समप्रमाणात मध घातलेलं पेय मधुमेही माणसानं रोज सकाळी घेणं, यावर न बोललेलंच बरं.

"आमच्या आजोबांनी तुपाची धार धरली आणि नव्वद वर्षं जगले" हा दाखलाही टेबलावर आलाच. येतोच. ज्या घरात हे आजोबा असतात, त्याच घरात पन्नाशीत 'गॅस होऊन' गेलेले एक काका असतात. त्यांचा दाखला कोणी देत नाही. पटकन गेले, पुण्यवान होते, एवढीच त्यांची नोंद राहते.

उरला एक आक्षेप, जो मला अर्धा मान्य आहे. "हे सगळं संशोधन गोऱ्यांवर झालंय, आपल्याला काय लागू?" धोक्याचं गणित मांडणारी जुनी सूत्रं खरोखर गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांच्या माहितीवर बेतलेली होती. पण त्यातून 'म्हणजे आपल्याला कमी' असा अर्थ काढणं उफराटं आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक मध्यमान 53 व्या वर्षी येतो, इतर देशांत 59 च्या आसपास. कारणं मात्र तीच. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं गणित. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाचं त्याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. आणि इथे अमेरिकेत 'मसाला' अभ्यास आहे. 2010 ते 2013 या काळात सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागोतले आपल्यासारखे 906 लोक त्यात घेतले गेले, हृदयरोग नसलेले. त्या साऱ्या कामानंतर 2018 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. गोऱ्यांच्या सूत्रात आपण बसत नाही, ते असं.

मग भिंतीवर उपाय काय? तो नोव्हायपासून फार लांब नव्हता. 275 वरून एम-14 धरली की अर्ध्या-पाऊण तासात ॲन आर्बर. तिथे प्लिमथ रोडवर पार्क-डेव्हिस कंपनीची प्रयोगशाळा होती. 1985 मध्ये ब्रूस रॉथ या रसायनशास्त्रज्ञानं तिथे ॲटोर्व्हास्टॅटिन बनवलं. आपल्या निम्म्या आईवडिलांच्या डब्यात रात्रीच्या कप्प्यात पडलेली ती गोळी. स्टॅटिन नळी खरवडत नाही. जास्तीत जास्त मात्रेची दुसरी एक स्टॅटिन दोन वर्षं दिल्यावर भिंतीतला थर जेमतेम एका टक्क्यानं घटतो, एवढंच 2006 च्या एका चाचणीत दिसलं. नळीवाल्याला हे ऐकून हसू येईल. पण एलडीएल डेसिलिटरमागे साधारण 39 मिलिग्रॅमनं उतरवलं की अटॅक, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग सुमारे एक पंचमांशानं कमी होतात, हे लाखाहून अधिक माणसांच्या एकत्रित माहितीवरून सिद्ध आहे. थर फारसा घटत नाही, प्रसंग घटतात. कारण गळू निवळतं, पापुद्रा जाड होतो.

"कंपन्यांचा डाव" म्हणणाऱ्यांसाठी एक स्थानिक बातमी. पेटंट 2011 मध्ये संपलं. पार्क-डेव्हिसच्या नव्या मालकानं, फायझरनं, ती प्रयोगशाळा त्याआधीच बंद केली आणि 2009 मध्ये मिशिगन विद्यापीठानं जागा विकत घेतली. डाव टाकणारा पट गुंडाळून गेला, गोळी चिल्लर भावात उरली. "अंग दुखतं" ही तक्रारही खोटी नाही, पण तिचं कारण बहुतेकदा गोळीत नसतं. लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी रिकामी बाटली अशी वर्षभर दिली. खऱ्या गोळीवर होणाऱ्या त्रासातला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. उरलेले दहा टक्के खरे, मधुमेह किंचित वाढतो हेही खरं, आणि त्यासाठी मात्रा बदलणारे डॉक्टर असतात.

हे सगळं ऐकून होजवाल्या मित्रानं करंजी खाली ठेवली आणि खरा प्रश्न विचारला. "पण गोळीचा उपयोग झाला की नाही, हे मला दिसणार कसं?" हाच नळीच्या चित्राचा प्राण आहे. स्टेंटचा फोटो मिळतो, आधीचा आणि नंतरचा. न आलेल्या अटॅकचा फोटो निघत नाही. दाखवण्यासारखा एकच आकडा असतो, एलडीएलचा. आजार जडलेल्यानं तो 70 च्या खाली, जमलं तर 55 च्याही खाली ठेवावा.

"तुमचा किती आहे?" मी व्याह्यांना विचारलं.

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. दोन फोटो, सीडी, बिलं, डिस्चार्ज कार्ड. लिपिडचा रिपोर्ट सापडला तो स्टेंटच्या आदल्या दिवशीचा. त्यानंतरचा शोधत त्यांनी फाइल दोनदा चाळली, मग विहीणबाईंनी हात पुसून एकदा चाळली.