भट्टी विझली, नाटक कंपनीही बंद पडली : वेल्समध्ये २०२४ साली नेमकं काय घडलं?

३० सप्टेंबर २०२४. वेल्समधल्या पोर्ट टॅलबट गावात टाटा स्टीलची शेवटची ब्लास्ट फर्नेस बंद झाली. शंभरहून जास्त वर्षं या गावाने पोलाद बनवलं. आता तिथे भंगारातून पोलाद बनवणारी इलेक्ट्रिक भट्टी येणार आहे. तिच्यामुळे प्रदूषण कमी होईल, पण तिला माणसंही कमी लागतात. ब्रिटनभरात सुमारे २,८०० नोकऱ्या जातील, असं कंपनीने जानेवारीतच सांगितलं होतं.

कंपनीचं मुख्यालय मुंबईत, त्यामुळे ही बातमी आपल्याकडेही आली. पण त्याच वर्षी वेल्समध्ये आणखी काहीतरी विझत होतं. त्याची चर्चा फारशी झाली नाही.

आधी राजकारण बघू

वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख. तिथे स्वतःची संसद आहे, तिला सेनेद म्हणतात. सरकारचा प्रमुख म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद. २०२४ मध्ये या खुर्चीवर तीन जण बसले. मार्क ड्रेकफर्ड मार्चमध्ये गेले, वॉन गेथिंग आले. गेथिंग यांनी जुलैमध्ये राजीनामा जाहीर केला आणि ऑगस्टमध्ये एलुनेड मॉर्गन या पहिल्या महिला फर्स्ट मिनिस्टर झाल्या.

माणसं बदलली, तिजोरी तीच राहिली. वेल्स सरकारचा बहुतेक पैसा लंडनहून येतो. महागाईने बजेट आक्रसलं, तेव्हा सरकारने आरोग्यसेवेला जास्तीचे पैसे दिले आणि कात्री इतर खात्यांवर चालवली. कलांना निधी देणाऱ्या आर्ट्स कौन्सिल ऑफ वेल्सचे १०.५ टक्के कापले गेले.

कात्रीचा फटका कुणाला बसला?

कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोने, रेन्वार यांची चित्रं आहेत, पण छत गळतं. वादळी पावसात कर्मचाऱ्यांना भिंतीवरची चित्रं उतरवावी लागतात. इमारत कदाचित बंद करावी लागेल, असं संग्रहालयाच्या प्रमुखांनी एप्रिलमध्ये सांगितलं. वेल्श नॅशनल ऑपेराने दौऱ्यातली गावं कमी केली. नॅशनल थिएटर वेल्सचा मुख्य निधी २०२३ मध्येच थांबवला गेला होता. २०२४ च्या शेवटी नाटक कंपनी म्हणून तिचं काम संपलं.

याच कंपनीने २०११ मध्ये पोर्ट टॅलबटच्या रस्त्यांवर एक भव्य नाटक केलं होतं. मुख्य भूमिकेत याच गावात वाढलेला अभिनेता मायकल शीन आणि सोबत शेकडो गावकरी. म्हणजे एकाच वर्षात गावाची भट्टी गेली आणि गावाला रंगमंच बनवणारी कंपनीही गेली.

मग सरकारचं चुकलं का?

उत्तर सोपं नाही. दवाखान्यात उपचारांसाठी ताटकळणाऱ्या माणसाला 'आधी नाटकाला पैसे देऊ' असं कोण सांगणार? पण सरकारचंच दुसरं एक उद्दिष्ट आहे. २०५० पर्यंत दहा लाख लोकांना वेल्श भाषा यावी. २०२१ च्या जनगणनेत हा आकडा होता साधारण ५.३८ लाख, म्हणजे १७.८ टक्के. शाळेत शिकलेली भाषा टिकते ती बाहेर वापरली तर. त्यासाठी पुस्तकं, नाटकं, गाणी लागतात. आणि पुस्तकांना मदत करणाऱ्या संस्थेचा निधीही कापला गेला.

लोकांना यात रस नाही, असंही नाही. ऑगस्टमध्ये पाँटिप्रिथ या कोळसा खाणींच्या भागातल्या गावात नॅशनल आयस्टेडफॉड भरला. कविता, गाणी, नाटक, सगळं वेल्शमध्ये, आठवडाभर.

जानेवारी २०२५ मध्ये शीनने नवं वेल्श नॅशनल थिएटर जाहीर केलं. सुरुवातीचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करणार. कौतुक व्हायलाच हवं. पण संग्रहालयाचं गळकं छत दुरुस्त करायला प्रत्येक वेळी असा एखादा शीन मिळणार नाही. तो खर्च शेवटी सरकारलाच करावा लागेल, आणि उशीर होईल तितका तो वाढत जाईल.